छत्री उघडली, पुढे काय?

स्कायडायव्हिंगमध्ये माणसं कशानं मरतात? ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न टाकून बघा. दहापैकी नऊ जण हातातला कप खाली न ठेवता सांगतील, 'छत्री उघडली नाही की!' दहावा म्हणेल, 'वेडेपणानं.' गंमत अशी, की दहाव्याचं उत्तर जास्त जवळचं आहे.

अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग अपघातांचे गेल्या तीसेक वर्षांतले अहवाल वाचले, तर एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. छत्री वेळेवर उघडलेली. कुठे फाटलेली नाही, दोर गुंतलेले नाहीत. खाली मोकळं मैदान. उडी मारणाराही नवशिका नव्हे, चांगला पाचशे-हजार उड्या पाठीशी असलेला गडी. जमीन दोनशे-तीनशे फुटांवर आलेली असताना त्यानं एक जोरदार वळण घेतलं, छत्रीनं सूर मारला आणि सावरायला उंचीच उरली नाही. असे अपघात वर्षानुवर्षं यादीत वरच्या नंबरांत आहेत.

घाबरू नका. वीकएंडचं बुकिंग कॅन्सल करा असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा जण गेले. म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त उड्यांमागे एक. १९७० च्या दशकात तिथे वर्षाला चाळीसच्या वर माणसं जात होती. खेळ खूप सुधारलाय. प्रश्न आहे तो उरलेल्या अपघातांचा, आणि त्यातल्या बऱ्याच अपघातांची सुरुवात आकाशात होत नाही. ती होते जमिनीवर, कुठली छत्री घ्यायची हे ठरवताना.

प्रकरण १३५ चं

हे सगळं मी वाचत बसले त्याला कारण माझा एक मित्र. कन्नडचाच, माझ्या गावचा. छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावला जाताना घाट लागायच्या आधी जे गाव येतं, ते आमचं कन्नड. इथे उंचावरून खाली बघायची हौस भागवायला घाट आणि गौताळ्याचं जंगल पुरतं. पण हा पठ्ठ्या कॉलेजात असताना, फेब्रुवारी २०१८ मध्ये, पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडला पट्टायामध्ये चक्क नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी मारली. तो व्हिडिओ त्यानं किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. नोकरी लागली, पुण्यात बाणेरला फ्लॅट शेअर केला आणि पहिला बोनस थायलंडला गेला.

आता पाच वर्षांत त्याच्या खात्यावर ७४ उड्या आहेत. आपल्याकडे टँडम, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात बांधून घेऊन मारायची उडी, आता बऱ्यापैकी ओळखीची झालीय. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीत मध्यंतरी काही वर्षं हे चाललं. पुढे हरियाणातलं नारनौल, उज्जैनचा फेस्टिव्हल अशी नावं ऐकू आली. पण स्वतःची स्वतः उडी मारायला शिकायचं, लायसन्स घ्यायचं, तर बहुतेक मराठी पोरं परदेशाचं तिकीट काढतात. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. गेले की आठवड्यात पंधरा उड्या, मग दहा महिने एक्सेल शीट.

तर मागच्या महिन्यात याचा फोन. "अगं, जाम स्वस्त मिळतेय. पूर्ण सेट. कॅनॉपी १३५ ची, नव्यासारखी आहे. नव्याच्या अर्ध्या किमतीत."

"१३५ म्हणजे?"

"चौरस फूट. मी आत्ता १९० भाड्यानं घेतो. ती म्हणजे बस आहे गं, नुसती तरंगते. ही बाइक आहे."

"पण चालेल का तुला?"

"कुठे लिहिलंय की चालणार नाही?"

हा शेवटचा प्रश्न मला चावला. कारण शोधायला गेले, आणि खरंच, फारसं कुठे लिहिलेलं नाही.

कायदा कुठे बघतो?

आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांतच म्हणून ठेवलं होतं, की जीव वाचवायची वेळ सोडली तर परवानगीशिवाय विमानातून पॅराशूटनं उतरायचं नाही. म्हणजे कायद्याचा प्रश्न एवढाच, की उडी मारायची की नाही. कुठल्या मापाच्या छत्रीनं, हा विषय कायद्याच्या नजरेत आलाच नाही.

अमेरिकेचा कायदा जास्त बारकाईनं बघतो, पण त्याचीही नजर एका विशिष्ट जागी आहे. पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव छत्रीला सरकारमान्य प्रमाणपत्र लागतं. ती दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरनं उघडून, तपासून पुन्हा बांधायची. नाही बांधली तर विमानात चढायचं नाही. मुख्य छत्रीला मात्र तसलं प्रमाणपत्र लागत नाही, आणि ती किती लहान असावी यावर सरकारी मर्यादा नाही. जिच्याखाली तुम्ही शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा उतरणार, ती तुमच्या मर्जीवर!

मग आवर घालतं कोण? तिथली संघटना माप सुचवते. नेदरलँड्ससारख्या देशात उड्यांच्या संख्येप्रमाणे मापाची मर्यादा नियमानंच बांधून दिली. बाकी ठिकाणी ड्रॉप झोनचा, म्हणजे उडी मारायच्या जागेचा सेफ्टी ऑफिसर 'नाही' म्हणू शकतो. पण ड्रॉप झोन बदलता येतो हे प्रत्येक हौशी माणसाला ठाऊक असतं.

भागाकाराचा फंडा

गणित सोपं आहे. विंग लोडिंग म्हणजे तुमचं सगळ्या सामानासकट वजन पाउंडात घ्या आणि छत्रीच्या चौरस फुटांनी भागा. मित्र ६८ किलोचा. सामान साधारण १२ किलो. झाले ८० किलो, म्हणजे १७६ पाउंड. १९० च्या छत्रीवर उत्तर येतं ०.९३. १३५ वर १.३.

०.९३ आणि १.३. पगाराच्या स्लिपमध्ये एवढा फरक पडला तर आपण एचआरकडे जाणार नाही. हवेत मात्र ही दोन वेगळी जनावरं आहेत. लहान छत्री पुढे वेगानं जाते, खाली वेगानं येते, वळताना जास्त खोल सूर मारते आणि सुरातून बाहेर यायला जास्त उंची खाते. एका बाजूचं टॉगल, म्हणजे हातातली सुकाणूची दोरी, मोठ्या छत्रीवर जरा जास्त ओढली गेली तर छत्री नाराज होते. लहान छत्री लगेच हुकूम पाळते, आणि तो हुकूम तुम्ही घाबरून दिलेला असला तरी पाळते.

कॅनॉपी उडवायला शिकवणारे ब्रायन जर्मेन यांनी यावर एक सुटसुटीत आडाखा दिला, तो जगभर वापरला जातो. पहिल्या शंभर उड्यांपर्यंत १.० च्या वर जायचं नाही. पुढच्या दर शंभर उड्यांना ०.१ वाढवा. त्या हिशेबानं १.३ ची छत्री मित्राला चारशे उड्यांच्या आसपास शोभली असती. त्याच्याकडे ७४. बात खतम?

नाही ना. कारण आडाखाही आंधळा आहे, आणि हे समजून न घेता तो पाळणारेही फसतात.

आकड्याला काय दिसत नाही

एक, माणूस दिसत नाही. माझं वजन ५० किलो. सामानासकट ६२, म्हणजे १३७ पाउंड. भागाकार करा. जी १३५ ची छत्री मित्राला चारशे उड्यांनंतर, ती मला जवळपास पहिल्या दिवसापासून चालेल असं गणित म्हणतंय! प्रत्यक्षात लहान छत्रीचे दोर आखूड असतात, त्यामुळे ती भागाकार १.० आला तरी चपळच वळते. हलक्या मुलींना हा आकडा गोड बोलून फसवतो. म्हणून चांगल्या तक्त्यांत लहान मापासाठी वेगळी वजाबाकी असते.

दोन, आकार दिसत नाही. १५० ची साधी आयताकृती छत्री आणि १५० ची कडांना निमुळती होत जाणारी छत्री यांचा भागाकार एकच, स्वभाव वेगळा. दुसरी जास्त तिखट.

तीन, हवा दिसत नाही. ही माझ्या आवडीची गोष्ट, कारण इथे आमचं कन्नड येतं. कन्नड समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. मे महिन्यातली दुपार, पारा ४० वर. तापलेली हवा पातळ होते, आणि त्या दुपारी कन्नडच्या माळावरची हवा छत्रीला साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटेल. पातळ हवेत तीच छत्री, तोच माणूस, समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के वेगानं जमिनीवर येणार. थायलंडच्या किनाऱ्यालगत शिकलेला हात आणि डोळा इथे थोडा उशिरा पडणार. हीच गोष्ट एव्हरेस्टपाशी नेऊन बघा. शीतल महाजन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारली. त्या मोहिमेत उतरायच्या जागाच १२ हजार फुटांच्या वर होत्या. १२,५०० फुटांवर छत्रीचा वेग वीसेक टक्के वाढतो, आणि आपटलात तर बसणारा मार सुमारे दीडपट. छत्रीच्या लेबलवर ते छापलेलं नसतं.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सराव दिसत नाही. ७४ उड्या तीन महिन्यांत मारलेला आणि ७४ उड्या पाच वर्षांत मारलेला, दोघं रजिस्टरमध्ये सारखे. पहिल्याचा हात आपोआप चालतो. दुसऱ्याला दर वेळी पहिल्या दोन उड्या नुसतं आठवण्यात जातात.

उलट बाजूही सांगायला हवी. 'मोठी तेवढी सुरक्षित' हेही पूर्ण खरं नाही. फार मोठी छत्री आणि जोराचा वारा असला तर माणूस पुढे जायचा तो मागे मागे जातो, मैदान सोडून विजेच्या तारांकडे. लहान छत्रीला वाऱ्यात घुसायची ताकद असते, आणि तयार हातात ती अलगद उतरते. हवेशी खेळणारे लोक तिच्या प्रेमात पडतात ते उगाच नाही.

कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलेल्यांना हा प्रकार वेगळ्या नावानं माहीत असेल. तिथे विंगला ए, बी, सी, डी असा दर्जा असतो. ए म्हणजे चुका पोटात घालणारी, डी म्हणजे उत्तम पायलटसाठी. पण तो दर्जा लेबलवर दिलेल्या वजनाच्या पट्ट्यातच खरा, आणि पायलट रात्रभर झोपलाय का हे त्यावर लिहिलेलं नसतं.

सेफ्टी वाढली, मग काय झालं?

१९९१ मध्ये जर्मनीहून सायप्रेस नावाचं एक छोटं यंत्र बाजारात आलं. माणूस बेशुद्ध पडला, गोंधळला, उंची विसरला आणि साधारण साडेसातशे फुटांवरही दगडासारखा पडत असला, तर हे यंत्र स्वतःच राखीव छत्री उघडतं. किती जीव वाचले असतील! छत्रीच न उघडल्याचे मृत्यू घटले. पण त्याच दशकात छत्र्या लहान आणि वेगवान होत गेल्या, जमिनीलगत सूर मारून गवतावरून घसरत जायची फॅशन आली, आणि धडधाकट छत्रीखाली जीव जायला लागले.

बिल बूथ हे या खेळातलं मोठं नाव. बिघडलेली मुख्य छत्री एका झटक्यात सोडून देणारी तीन कड्यांची युक्ती त्यांचीच. त्यांचं एक निरीक्षण ड्रॉप झोनवर कायम ऐकवलं जातं: सामान जेवढं सुरक्षित होत जातं, तेवढा लोक धोका वाढवत नेतात आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो. पुढे एकूण आकडे बरेच खाली आले, तेव्हा हिशेब अगदी तिथेच राहिला नाही. पण ते खाली यायला यंत्रांच्या जोडीला शिकवणंही लागलं. अमेरिकेत २०१२ पासून बी लायसन्ससाठी कॅनॉपी उडवायचा वेगळा कोर्स सक्तीचा झाला. आधी सगळा जोर पडायला शिकण्यावर होता, उतरायला शिकण्यावर नव्हता.

आणि आपल्या घाटातलं काय वेगळं आहे? कन्नडच्या घाटात ऑगस्ट २०२३ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर जड वाहनं बंद झाली. नियम वजनाचा होता, कारण वजन मोजता येतं. ट्रकवाले मामा लोक त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत आलेत, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. हे बोर्डावर नसतं. बोर्ड पाळून, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून उतरणारे असतातच. नियमाचं काम दरीच्या कडेला कठडा घालायचं. गाडी कठड्याला घासतच चालवायची, असा त्याचा अर्थ नाही.

'पण शीतल महाजननी तर...'

मित्रानं अपेक्षेप्रमाणे हे कार्ड टाकलंच. १८ एप्रिल २००४ ला, २१ वर्षांच्या असताना, शीतल महाजन यांनी आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. २,४०० फुटांवरून, उणे ३७ तापमानात, एकही सराव उडी न मारता. २००६ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण ध्रुव, २०११ मध्ये पद्मश्री. कुठलाही तक्ता त्या पहिल्या उडीला हो म्हणाला नसता.

खरं आहे. आणि मला ती गोष्ट आजही सही वाटते. पण ते एक ठरवून घेतलेलं धाडस होतं, ती जागा, तो दिवस, ती उडी, आणि सगळं लक्ष तिच्यावर. मित्र जे करत होता त्यात धाडस कुठे होतं? स्वस्त मिळतंय, ग्रुपमध्ये सगळे लहान छत्र्या उडवतात, आणि भाड्याची १९० घेऊन उभं राहायला लाज वाटते. मोबाइल अपग्रेड करायची कारणं ही. धाडसाला निदान आपण धोका पत्करतोय हे माहीत असतं. अपग्रेडला ते माहीत नसतं.

मी त्याला सल्ला दिला नाही, मला उडी मारता येत नाही. त्याला त्याच्या थायलंडच्या कोचला फोन करायला लावला. कोचनं छत्रीबद्दल काही विचारलंच नाही. त्यानं तीन प्रश्न केले. गेल्या सहा महिन्यांत किती उड्या? शेवटच्या दहा लँडिंगपैकी किती वेळा ठरवलेल्या जागी उतरलास? आणि शंभर फुटांवर समोर माणूस आला तर काय करशील?

पहिल्याचं उत्तर शून्य. दुसऱ्याचं तीन. तिसऱ्याला हा म्हणाला, "वळेन." कोच थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणूनच."

१३५ दुसऱ्या कोणीतरी घेतली. मित्र पुढच्या ट्रिपला १९० च भाड्यानं घेणार आहे, आणि त्यातले दोन दिवस फक्त कॅनॉपी कोर्सला देणार आहे. फोटो कमी येतील म्हणून जरा नाराज आहे. चालेल.

छत्रीखाली बसायच्या आधी

टँडम करत असाल तर: छत्री निवडायचं काम तुमचं नाही, पण विचारायचा हक्क तुमचा. इन्स्ट्रक्टरचं टँडम रेटिंग चालू आहे का, राखीव छत्री शेवटची कधी बांधली, आपोआप उघडणारं यंत्र आहे का, वाऱ्याची मर्यादा किती. 'टेन्शन नका घेऊ' हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. स्वतःचं खरं वजन सांगा, जिमच्या फॉर्मवर लिहिता ते नको.

शिकत असाल तर: उतरायचा रस्ता वर असतानाच ठरवा. शिकवतात तो ढोबळ आराखडा असा, मैदानाच्या बाजूनं १,००० फुटांवर, आडवं वळण ६०० वर, शेवटचं सरळ ३०० वर. त्याखाली मोठं वळण नाही.

खाली काही बिनसलं तर: वाऱ्याची दिशा चुकली तरी चालेल, छत्री डोक्यावर सपाट ठेवा, मोकळ्या जागेकडे रहा आणि दोन्ही टॉगल एकदम ओढून वेग मोडा. वाऱ्याबरोबर उतरलात तर गुडघे सोलतील. जमिनीलगत वळलात तर गुडघ्यांवर निभावणार नाही. ब्रेक धरून सपाट वळायची युक्ती असते, ती वर, उंची असताना घोटून घ्या.

विकत घेत असाल तर: एका वेळी एकच गोष्ट बदला. माप लहान केलंत तर आकार तोच ठेवा, जागा नवी असेल तर छत्री जुनी ठेवा. आणि विकणाऱ्याला सल्ला विचारू नका, तो विकतोय.